झिजणाऱ्या वस्तूची मालकी

अपरिग्रहाची चर्चा आपल्याकडे सोन्यानाण्यापाशी आणि जमीनजुमल्यापाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. ही उदाहरणं इतकी उघड आहेत की त्यांच्याबद्दल कुणी वाद घालत नाही, आणि जिथे वाद नाही तिथे तत्त्वाचा कस लागत नाही. कस लावायचा तर अशी वस्तू घ्यावी जिच्यावर माणूस जीव टाकतो, पण जी त्याला मिरवू देण्यापेक्षा राबवून जास्त घेते. रेकॉर्ड वाजवायचं जुनं टर्नटेबल ही तशी वस्तू आहे. इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कारखान्यात १९५४च्या सुमारास तयार होऊ लागलेलं गॅरार्ड ३०१ घ्या. त्या काळी ब्रिटिश राजघराण्याची रत्नं सांभाळणाऱ्या गॅरार्ड जवाहिऱ्यांनी १९१५ साली काढलेल्या यंत्र-कंपनीचं हे अपत्य. बीबीसीतही ते राबलं. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची कप्पी, तिला टेकून फिरणारं रबराचं चाक, आणि त्या चाकाने आतल्या कडेला घासून फिरवलेली ॲल्युमिनियमची जड थाळी, अशी याची रचना. आज असं यंत्र एखाद्या माळ्यावरून खाली येतं तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस थिजून घट्ट झालेलं असतं, रबर कडक झालेलं असतं, मोटर ज्या स्प्रिंगांवर टांगलेली असते त्या सैलावलेल्या असतात. कुणीतरी महिनोन्‌महिने खपून ते उलगडतं, धुतं, पुसतं, पुन्हा जोडतं आणि स्वतःच्या घरात ठेवतं. धर्माच्या दृष्टीने याला काय म्हणायचं? हा परिग्रहच, फक्त जरा रसिक? की वस्तू बाळगूनही तिच्या कह्यात न जाण्याचा हा एक सराव असू शकतो? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. पण ते फुकटात मिळत नाही, आणि काही अटी मोडल्या की साफ कोसळतं.

अपरिग्रहाचा सर्वांत कसून विचार जैन परंपरेने केला, म्हणून सुरुवात तिथून करू. ‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वातींनी परिग्रह ठरवला तो वस्तू जवळ असण्यावरून नव्हे, तिच्यावर मन जडण्यावरून. वरकरणी ही व्याख्या वस्तुवेड्यांच्या सोयीची वाटते. साधूच्या वस्त्रावरून झालेला वाद पाहिला की ती सोय संपते. श्वेतांबरांचं म्हणणं असं, की अंगावर वस्त्र असलं आणि मनात त्याचं ममत्व नसलं तर तो परिग्रह नव्हे. दिगंबरांचं उत्तर असं, की वस्त्र आलं म्हणजे ते मिळवणं आलं, धुणं आलं, वाळवणं आलं, फाटलं की शिवणं आलं, चोरीला जाईल ही धास्ती आली. एवढी उठाठेव करणारं मन निर्मम आहे हे कशावरून मानायचं? हा युक्तिवाद टर्नटेबलवाल्याला थेट लागू पडतो, कारण त्याची सगळी करामत धुण्यात आणि शिवण्यातच आहे. दुरुस्ती हाच आसक्तीचा पुरावा असेल तर माझा मुद्दा इथेच निकालात निघतो. मात्र शेजारच्याच श्रमण परंपरेने उलटा निर्णय दिलेला आहे. बौद्ध भिक्खूला जवळ बाळगायला ज्या आठ वस्तूंची मुभा आहे त्यांत तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळायचं साधन यांच्या जोडीला सुईही आहे. घरदार सोडून आलेल्या माणसाच्या हाती संघाने शिवणकाम दिलं. विनयपिटकात राजा उदयनाची एक शंका नोंदलेली आहे. बुद्धाचा शिष्य आनंद याला दानात पाचशे चीवरं मिळाली. इतक्यांचं हा करणार काय, असं राजाला वाटलं. आनंदाने हिशेब दिला: ज्यांची चीवरं विरली त्यांना ही देऊ, विरलेल्यांची पांघरुणं करू, पांघरुणं जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपू. या हिशेबात दुरुस्ती ही आसक्तीची खूण नाही. वस्तूत काम शिल्लक असताना ती टाकणं किंवा काम न करवता साठवणं, दोष तिथे आहे. दोन परंपरांपैकी इथे कोण खरं, हे ग्रंथांतून ठरायचं नाही. शिवताना हातांना काय कळतं, यावरून ते ठरावं असं मला वाटतं.

टर्नटेबल आणि रेकॉर्ड ही जोडी या बाबतीत विलक्षण आहे. रेकॉर्ड वाजवल्याने झिजते, टर्नटेबल न वाजवल्याने बिघडतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असे, ती मुद्दामच. पोलादी पिनेचं टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून चरांच्या आकाराचं व्हावं म्हणून. पिन एका बाजूपुरती, नंतर फेकायची. म्हणजे तबकडी पिनेला झिजवते, शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्सच्या भाराखाली पिन तबकडीला झिजवते, आणि या परस्परांच्या नाशातून गाणं बाहेर पडतं. १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणलेल्या लाँगप्लेने हे सौम्य केलं. विनाइलचा चर बारीक; आज टोक हिऱ्याचं, भार दीड-दोन ग्रॅमचा. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे या गतीने वीस-बावीस मिनिटांच्या एका बाजूवर सातशेच्या आसपास फेरे होतात आणि ते टोक जवळपास अर्धा किलोमीटर चालून जातं. नीट जुळवलेल्या कार्ट्रिजखाली झीज थोडी होते, पण होते. आणि झिजलेला हिरा चरांच्या भिंती कायमच्या खरवडून टाकतो. यंत्राचं याच्या उलट आहे. ते वर्षानुवर्षं स्वस्थ ठेवलं तर वंगण सुकतं, आणि रबराचं चाक एकाच जागी दाबलेलं राहिलं तर त्यावर सपाट डाग पडून पुढे प्रत्येक फेऱ्याला धप् असा आवाज येत राहतो. एकाला जपायचं तर वाजवू नये आणि दुसऱ्याला जपायचं तर वाजवत राहावं, अशा पेचात मालक सापडतो. काहीही निवडलं तरी काहीतरी हातचं जातंच. संग्रहाचं मुळातलं आश्वासन, म्हणजे ठेवलं की राहील, ते इथे रोज खोटं ठरतं. आणि ते प्रवचनातून नव्हे, स्पीकरमधून ठरतं.

न झिजणारी तबकडी नाहीच असं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. सोबत कार्ट्रिज आणि सुई आहे, आणि एक फेरा ३.६ सेकंदांत पुरा व्हावा हे आवरणावर हायड्रोजनच्या अणूच्या मापाने कोरून सांगितलेलं आहे. ती तबकडी कोट्यवधी वर्षं शाबूत राहील असा अंदाज आहे. ती कुणाची नाही, कुणी तिला हात लावत नाही, तिच्यावर कुणाचं ममत्व ओघळत नाही. मालक नसणं हाच अपरिग्रह असता तर हिच्याइतकी शुद्ध तबकडी दुसरी नाही. पण ती कुणी ऐकतही नाही. (ज्या अल्लादियाखाँसाहेबांकडे केसरबाई शिकल्या त्यांच्या गाण्याची तर एकही रेकॉर्ड नाही, त्यांचं गाणं उरलं ते शिष्यांच्या गळ्यात, म्हणजे सर्वांत जास्त झिजणाऱ्या ठिकाणी.) अनासक्ती म्हणजे संपर्काचा अभाव नव्हे, एवढं या उदाहरणावरून मान्य व्हायला हरकत नसावी. प्रश्न आहे तो संपर्क ठेवून, झीज पत्करून, मन कुठे ठेवायचं याचा.

इथे उलगडण्याचं काम उपयोगी पडतं. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला रथात बसून आला. नागसेनाने विचारलं, रथ कोणता? आस, चाकं, जू, दांडी, यांतला कुठला? यांतला एकही नाही, सगळ्यांची रास म्हणजेही नाही, आणि यांच्यावेगळा म्हणावा तर तसाही दिसत नाही. रथ हे भागांच्या आधाराने चालणारं एक नाव. हा संवाद वाचून पटतो आणि पुस्तक मिटलं की विसरतो. गॅरार्ड खोलून ठेवणाऱ्याला तो विसरता येत नाही. थाळी एकीकडे, मोटर दुसरीकडे, स्क्रू डब्यांत; कित्येक आठवडे टेबलावर जे पडलेलं असतं त्यात ‘माझं टर्नटेबल’ असं काही नसतं. आसक्तीला धरायला एक अखंड वस्तू लागते. दुरुस्ती ती अखंडताच काढून घेते आणि पुन्हा जोडल्यावरही ती पूर्वीसारखी परत देत नाही, कारण जोडणाऱ्याला आता आतलं माहीत असतं. ग्लासगोच्या लिन कंपनीचं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं सोंडेक एलपी१२ याची कमाल आहे: आज निघणारे नवे भाग त्या जुन्या यंत्रांवर बसतात, त्यामुळे एकेक करत जवळजवळ सगळं बदललेली यंत्रं घरोघर आहेत आणि मालक त्यांना पहिलंच यंत्र म्हणतात. प्लुटार्कने सांगितलेलं थीसियसचं जहाज ते हेच. हॉब्जने त्यात भर घातली होती की काढून टाकलेल्या फळ्यांचं कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? जुन्या टर्नटेबलांच्या बाजारात हॉब्जचं हे दुसरं जहाज रोज बांधलं जातं. एक यंत्र मोडून त्याचे भाग पाच यंत्रांत जातात.

आपल्या देवळांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. जीर्णोद्धारात मूर्तीला हात लावण्याआधी तिच्यातलं दैवत विधिपूर्वक कलशातल्या पाण्यात काढून घेतात; मग मूर्तीला लेप देता येतो, आणि ती दुरुस्तीपलीकडे भंगली असेल तर खोल पाण्यात विसर्जित करून नवी घडवतात. दगडावर जीव जडलेल्या भक्ताला हा विधी सांगतो की तू ज्याला नमस्कार करतोस ते या दगडात अडकलेलं नाही. गंमत म्हणजे हे तो दगडाची कमालीची निगा राखूनच सांगतो. यावर कुणी म्हणेल की मग कुठलाही भाग बदला, काय फरक पडतो, नवं तेच जुनं. फरक पडतो, पण तो सत्याचा. मुंबईच्या चोर बाजारात नव्या पितळी भोंग्याचे, नव्या पेटीचे, कुत्र्याचा बिल्ला ठोकलेले ग्रामोफोन शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून पर्यटकांना विकले जातात. त्यांत नवे भाग आहेत हा दोष नाही. कोणते नवे हे लपवलं जातं, हा आहे. प्रामाणिक कारागीर कपॅसिटर बदलतो आणि बदलला म्हणून लिहून ठेवतो. नवी भोकं न पाडता जुन्याच भोकांत नवा भाग बसवतो, म्हणजे पुढच्याला वाटलं तर तो काढता येईल. वस्तू आपल्यापाशी संपत नाही हे त्याच्या हाताने मान्य केलेलं असतं, तोंडाने तो काही का म्हणेना.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याच्या घरात यंत्रही नाही आणि तबकड्यांच्या राशीही नाहीत. त्याला धूळ पुसायची नाही, सुई बदलायची नाही. मग खरा अपरिग्रही तोच ना? आवाजाच्या उबेची वगैरे भाषा मी या वादात आणत नाही. ती कानांची बाब आहे आणि तिने धर्माचा प्रश्न सुटत नाही. उमास्वातींचीच कसोटी लावायची तर मोजायचं आहे ते मन, खोली नव्हे. घरातल्या वस्तू गेल्या म्हणून हाव जात नाही. उलट, अमर्याद यादी हाताशी असली की एक गाणं संपायच्या आत बोट पुढच्याकडे जातं, आणि त्या यादीला कुठेही काठ नाही. भाड्याच्या घरात राहतो म्हणून कुणी संन्यासी ठरत नाही. शिवाय कंपनीने उद्या एखादं गाणं काढून घेतलं की जी चिडचिड होते ती ममत्वाचीच असते, फक्त तिला धरायला वस्तू नसते म्हणून ती ओळखू येत नाही. मोबाइलवर ऐकणारा निर्मम असूच शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. त्याला ते जास्त अवघड जातं, एवढंच. कारण त्याला अडवणारं काही नाही. रेकॉर्डची बाजू संपते, माणसाला उठावं लागतं, आणि उठताना पुन्हा लावायची का हा निर्णय घ्यावा लागतो. झिजेचा हिशेब त्या निर्णयात असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. मन निर्लेप असल्याचा दावा श्रीमंतांना फार आवडतो. राजधानी जळाली तरी आपलं काही जळत नाही असं म्हणणाऱ्या जनकाचा दाखला आजवर किती मालदार लोकांनी दिला असेल, मोजदाद नाही. मी वर जे मांडलं ते वाचून तीस टर्नटेबलं बाळगणारा माणूस खूश होईल, आणि त्याने खूश होऊ नये. खुद्द जैन परंपरेनेही गृहस्थाला मनाच्या साक्षीवर सोडलेलं नाही. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचं परिमाण आहे: शेत किती, घर किती, सोनं किती, हे आधी ठरवायचं आणि त्या आकड्यापुढे जायचं नाही. व्याख्या मनाची, पण व्रत संख्येचं. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. ज्याला वाजवायला एक पुरतं त्याने दोन ठेवली तर चालतील, एक खोललेलं असताना दुसरं वाजावं म्हणून. तिसऱ्याला कारण शोधावं लागत असेल तर ते कारण नाही. उलगडण्याने आसक्ती सुटते हे माझं म्हणणंही इथे जरा आवरतं घ्यावं लागतं. पुष्कळदा ती सुटत नाही, संपूर्ण यंत्रावरून उठून एकेका भागावर जाऊन बसते. गॅरार्ड ३०१चं सुरुवातीचं बेअरिंग ग्रीसचं होतं, नंतरचं तेलाचं. ग्रीसवाल्या यंत्रांना आज संग्राहक जादा किंमत मोजतात, आणि ती किंमत आवाजासाठी कमी, आधीचं असण्यासाठी जास्त असते. गांधींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला सूट दिली, कारण त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता. याच गांधींनी १९३१ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीसाठी ईश्वराविषयीचं भाषण तबकडीवर मुद्रित करू दिलं. संपत्तीबद्दल त्यांनी मांडलेली विश्वस्ताची कल्पना इथे जशीच्या तशी चालते. विश्वस्त वस्तू वापरतो, निगा राखतो, हिशेब ठेवतो. भाव वाढायची वाट पाहत तो ती कुलपात घालत नाही. घातली की तो विश्वस्त राहत नाही, मग यंत्र त्याने स्वतःच्या हातांनी कितीही सुंदर दुरुस्त केलेलं असो.

एक आक्षेप उरतो, आणि तो परिग्रहाचा नसून हिंसेचा आहे. ७८च्या तबकड्या ज्या लाखेच्या, ती लाख म्हणजे पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव. छोटा नागपूरच्या जंगलांतून ती जगभरच्या कारखान्यांत जाई. ती खरवडताना असंख्य जीव मरतात, म्हणूनच जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार नावानिशी येतो. ऑपेरापासून नाट्यसंगीतापर्यंत त्या काळातलं सगळं गाणं या वर्ज्य मालावर कोरलेलं आहे. विनाइलने किडे वाचवले आणि खनिज तेल आणलं. जमाखर्च बदलला, मिटला नाही. जुनी तबकडी जुन्या यंत्रावर लावणाऱ्याकडून नवी लाख खरवडली जात नाही आणि नवं प्लास्टिक ओतलं जात नाही, म्हणून त्याच्यापुरता माझा युक्तिवाद टिकतो. आज नव्याने छापल्या जाणाऱ्या विनाइलला तो लागू होत नाही. एक प्रत वाजवायला आणि दुसरी सील न फोडता कपाटात ठेवायला, अशा दोन प्रती जो घेतो त्याची दुसरी प्रत या लेखातल्या कुठल्याही तर्काने सुटत नाही.